डावा हात

राजवाड्याकडे जाणाऱ्या टेम्पोत माझ्यासमोर दोघं बसले होते, एक कॉलेजचा मुलगा आणि एक म्हातारे गृहस्थ.

"नाना, क्षितिजाला टीममधून काढायला पाहिजे. अख्खा सीझन बास्केट चुकतेय."

"उजवा खांदा गेलाय तिचा. डाव्या हातानं खेळतेय ती."

"मग सांगत का नाही कोणाला?"

"सांगून बास्केट पडते का, भिया? मिल बंद झाली, तेव्हा तिचा बाप पन्नाशीत शिलाई शिकला. पहिला शर्ट वाकडा शिवला, तर तोच घालून बाजारात फिरला."

"पण परवा युनिव्हर्सिटीचं सिलेक्शन आहे. होईल तिचं?"

"यंदा नाही होणार. तिलाही माहीत आहे. तरी काल सगळे गेल्यावर ग्राउंडवर एकटीच बॉल टाकत होती."

"पडला एखादा?"

"एक पडला. हसली पण नाही. बॉल उचलून परत उभी राहिली."



"रोज असते का तिथे?"

"रोज. उद्या चल माझ्यासोबत."