मांडा हातावर असताना

माझं माहेर सोनगीरकडचं, दिली चोपड्याला, आणि मांडे शिकले ते सासूच्या हाताखाली. मांडा म्हणजे आपली खापरावरची पुरणपोळी, भाऊ. दोन्ही हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि पालथ्या खापरावर टाकायची, खाली कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ. मन जरा हललं की फाटलाच मांडा. सासू म्हणायची, मांडा हातवर शे तवलोंग बठ्ठं इसरी जाय, म्हणजे मांडा हातावर आहे तोवर सगळं विसरून जा. आणि मी विसरायची बरं का! लग्नघरी डीजे वाजू राहिला, पोरं तोंडासमोर मोबाइल धरून शूटिंग करू राहिली, बाया भांडू राहिल्या, मला काही नाही. बहिरी म्हणायच्या मला.

बाहेरच्या गोंगाटाचं काही नाही हो, आतला वाईट, काय सांगू तुम्हाला. माझा एकच पोरगा, भूषण. दिवसभर मोबाइलात मान, जेवताना पण. एक दिवस बापानं हाक मारली, पुन्हा मारली, याचं लक्षच नाही, मग बापाचं डोकं फिरलं, मोबाइल हिसकला आणि ओट्यावर आपटला. पोरग्यानं पिशवी भरली आणि सुरतेच्या गाडीत बसायला निघाला. मी म्हटलं, जेवून तर जाय रे. नाही म्हणे.

तेव्हापासून त्याचा पत्ता नाही, आणि घरातला साधा फोन मी कमरेला खोचून फिरते, त्याचा नंबर भूषणला पाठ आहे ना. ज्या डबड्यापायी पोरगा गेला तेच डबडं मी जपू राहिली, बघा. मांडा हातावर घेतला की वाटायचं, वाजला, वाजला. मांडे फाटायला लागले. बाया म्हणाल्या, अक्का, हात गेला तुमचा. हात कुठं गेला बाई, मन गेलं.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, एका घरी मांड्यांचं काम होतं. कणीक अशी काही जमली, पहिला मांडा हातावर घेतला, सासूचं बोलणं आठवलं आणि मी खरंच बठ्ठं विसरले. भूषणला पण विसरले. एकही मांडा फाटला नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू! पोरगा गेल्यापासून एवढं शांत वाटलंच नव्हतं मला. मग हात पुसून फोन पाहिला तर अनोळखी नंबर, वाजून वाजून बंद झालेला. बाया म्हणाल्या, चांगला वाजू राहिला होता अक्का, आम्हाला वाटलं तुम्हाला उचलायचा नसंल.

उलटा लावला तर कोणी हिंदी बोलणारा माणूस. म्हणे स्टेशनावर एका पोरानं माझा फोन मागितला, आज आमच्याकडे सण आहे, आईशी बोलतो म्हणाला. कोणी उचलला नाही, गेला तो. मी म्हटलं, कुठं गेला? तो म्हणे, आता स्टेशनावर कोण कोणाला विचारतं मावशी.

आणि तुम्ही विचारता, एवढ्या गोंधळात मन लावता कसं. नाही लावत भाऊ, भीती वाटते मला. कान फोनकडेच ठेवते, मांडा फाटला तर फाटला, फाटका मीच खाते. पोरगा जिथं असंल तिथं पोटभर जेवो, आणि पुन्हा एकदा कोणाचा तरी फोन मागो.