मंत्री येणार म्हणून

पेपर खोटं छापतो म्हणून आज तुम्ही गळे काढताय, पण एकदा पेपरातल्या खोट्यानंच आम्हाला पाणी पाजलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात सोनईजवळ आम्ही सरकारी कामावर खडी फोडत होतो. एसटीचा कंडक्टर जाता जाता पेपर टाकायचा. चौथी शिकलेला मी एकटाच, म्हणून दुपारच्या सुट्टीत तो मीच वाचून दाखवायचो.

त्या आठवड्यात तीन दिवस टँकर आला नव्हता, अन् सकाळीच आमच्यातली गयाबाई चक्कर येऊन खडीवर पडली होती. मी वाचलं, "क्रिकेटमध्ये आपण जिंकलो. एका नटीनं गुपचूप लगीन उरकलं. मंत्री म्हणतात, नगर जिल्ह्यात पाण्यावाचून कोणी राहणार नाही."

"मंग आमी कोन्या जिल्ह्यात हाय?" गयाबाईनं विचारलं.

पलीकडं सावलीत मुकादम तंबाखू मळत होता. मी आवाज चढवून पुढचं पदरचं घालून वाचलं, "उद्या मंत्रीसाहेब सोनईकडच्या कामाची पाहणी करणार."

मुकादम तसाच सायकलवर बसून गेला. दिवस मावळायच्या आत टँकर हजर.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मंत्री काही आला नाही. मुकादमानं टँकर माघारी धाडला अन् माझ्यावर आला, "कुठंय रे तुझा मंत्री?"

"मला काय इचारता साहेब, पेपरवाल्यांना इचारा."

मला हसू आवरेना. तेवढ्यात गयाबाई रिकामी कळशी घेऊन शेजारी बसली अन् हळूच म्हणाली, "दादा, उद्याबी येनार हाय म्हनून वाच की."