कठड्यावरचा स्कार्फ

(व्हिएन्ना. ऑपेरात उभं राहून बघणाऱ्यांची जागा. पडदा वर जायला थोडा वेळ आहे.)

हेडविग : त्या स्कार्फला हात लावू नका बाई. ती जागा धरलेली आहे.

नोटबुर्गा : पण इथे तर कोणीच नाही.

हेडविग : स्कार्फ आहे ना. कठड्याला बांधला की जागा आपली. मग खुशाल बाहेर जाऊन सॉसेज खाऊन या, मंत्री आला तरी गाठ सोडणार नाही. तुम्ही कुठल्या?

नोटबुर्गा : टिरोलची. डोंगरातल्या गावात टपाल वाटते. एकतीस वर्षं चढ-उतार करून गुडघा गेलाय. टेकायला कठडा मिळाला असता तर तीन तास निभावले असते. आजचं हे गाणं मी फक्त रेडिओवर ऐकलंय हो.

हेडविग : मग दुपारीच रांगेत यायचं.

नोटबुर्गा : त्यासाठीच तर पहाटेची गाडी धरली. पण तुमच्या शहरानं सोडलं नाही. संग्रहालयात ते बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र आहे ना, त्याच्यासमोर तासभर बसले. दमलेल्या कुत्र्यांचे पाय बर्फात कसे पडतात, ते चालल्याशिवाय कळत नाही. काढणारा चालला असणार. मग बाजारात एका तुर्की माणसानं सहा तऱ्हेची ऑलिव्ह चाखवली. घेतली एकच, तरी हसला. ट्राममध्ये पाच भाषा मोजल्या मी. कोणी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. आमच्याकडे मी टोपी बदलली तरी गावभर होतं.

हेडविग : आम्ही टोपीबद्दल घरी जाऊन बोलतो.

नोटबुर्गा : हा स्कार्फ कोणाचा?

हेडविग : ओटिलीचा. दीड वर्ष झालं, आली नाही.

नोटबुर्गा : मग बांधतं कोण?

हेडविग : मी.

नोटबुर्गा : अरेरे. गेल्या का त्या?

हेडविग : कसल्या जातात. दोन गल्ल्यांपलीकडे राहते, ठणठणीत आहे. आज जो गायक गाणार आहे ना, त्याच्यावरूनच भांडलो. मी म्हटलं बेसूर आहे, ती म्हणाली तुझे कान गेले. रागानं निघून गेली, स्कार्फ इथेच राहिला.

नोटबुर्गा : आणि तुम्ही तिची जागा धरता?

हेडविग : उद्या येऊन ‘माझी जागा दिलीस’ म्हणाली तर? तेवढं सुख तिला मी द्यायची नाही.

नोटबुर्गा : दिवे मंद व्हायला लागले. मी मागे जाते.

हेडविग : थांबा. दिवे गेले की रिकाम्या जागेवर कोणीही उभं राहावं, असा रिवाज आहे. या कठड्यावर मी तो आजवर चालू दिला नाही.

नोटबुर्गा : मग मला का?

हेडविग : तुम्ही कुत्र्यांचे पाय बघितलेत. टेका. गाठ तेवढी सोडू नका.

ओटिली : हेडविग, माझ्या जागेवर कोण आहे?

नोटबुर्गा : सरकते मी. चुकलंच माझं.

ओटिली : हलू नका. मघापासून मागे उभी राहून ऐकतेय मी. मोडक्या गुडघ्याला उठवायला मी काय हेडविग आहे? हेडविग, तू सरक. मावू तिघी.

हेडविग : आजही बेसूरच गाणार आहे तो.

ओटिली : गाऊ दे. हा स्कार्फ धुतेस का गं कधी?

हेडविग : दर महिन्याला.

ओटिली : लोकरीचा आहे तो.

हेडविग : माहीत आहे. गार पाण्यात धुते.