बाहेरची कडी

— नाही, कडी नाही निघणार. तुमी बसा. खाटेवर बसा, खुर्ची आत आहे, पोरासंगं. नागपूरचे म्हणता तर मराठीतच बोलतो, मले ते बरं पडते. हिंदी येते, का नाही येणार, सारा जनम खाणीत गेला, देशोदेशीचे मजूर हाताखाली होते — पण घरात मराठी. मैना, चहा ठेव साहेबाले! — बायको आहे माझी, ऐकते ती. पण उत्तर देणार नाही. कालपासून बोलणं बंद आहे तिचं माझ्यासंगं. पोराले कोंडला म्हणून. कोंडला काय? ठेवला. बाहेरून कडी लावली अन् समोर खाट टाकून बसलो, एवढंच. जेवण जाते ना खिडकीतून. पाणी जाते. हातपंखा देऊन ठेवला आहे. कॉलेजातला प्रोफेसर असन तो तुमच्यासाठी, मले पोरगाच आहे.

तुमी त्या शिबिरात शिकवणारे साहेब, हौ ना? हौ, चेहऱ्यावरून वाटलंच. खोटं कायले बोलू, मले पहिले समजलंच नाही का हे शिबिर काय चीज आहे. मास्तरले कोण शिकवते? अन् तेही शाळेचा मास्तर नाही, कॉलेजाचा! तेजराम म्हणे, बाबा, युनिव्हर्सिटीनं नियम काढला, उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळ्या नव्या मास्तरानं एका जागी यायचं, कसं शिकवायचं ते शिकायचं, शेवटी कागद भेटते, अन् तो कागद भेटला तरच नोकरी पक्की. म्हटलं ठीक आहे. खाणीतही नव्या मेटले, मजुरावरच्या माणसाले, जुना मेट दाखवते का सुरुंग कसा भरायचा, कितीक दूर जाऊन उभं राहायचं. त्यात लाज नाही. अन् शिबिर इथंच बालाघाटले, घरचं जेवण. मंडल्याचे आले, शिवनीचे आले, वारासिवनीचे आले, सगळे त्या कॉलेजात भुईवर गाद्या टाकून झोपून राह्यले. माझा पोरगा रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून सायकलनं जाये. मैना दारात उभी राहून पाहे. आमच्या वस्तीतून असा कोणी गेला नाही साहेब. या घरातून त्याच्या पहिले जो गेला तो घमेलं घेऊनच गेला.

आज शेवटचा दिवस, दुपारी कागद वाटणार. माहीत आहे मले. म्हणूनच तर तुमी जीप घेऊन आले. त्याच्याजवळून लिहून घ्याले. नाही? मंग कायले आले? — राहू द्या, चहा येऊ द्या.

परवा अन् काल तुमी तिथं नव्हते, जबलपूरले गेलते म्हणे, म्हणून सांगतो. प्रत्येकानं बाकीच्यायले पोट्टे समजून एक धडा शिकवून दाखवायचा होता. तेजरामची पाळी आली. आता तो शिकला नागपूरले, मराठीत अन् इंग्रजीत. पोरगा मॅट्रिकले होता तेव्हाच तुमचं नागपूर तिकडे गेलं अन् आमी इकडे राह्यलो, घर तिथंच, विहीर तिथंच, सरकार बदललं — अन् आता शिकवाचं हिंदीत. तरी शिकवलं त्यानं. बरं शिकवलं म्हणे. पण तो घनश्याम, शिबिरातलाच दुसरा मास्तर, दोन सालानं जुना आहे ना त्याच्याहून, तो पहिल्या बाकावर बसून हसे. हसे अन् बाजूच्याले कोपर मारे. तेजरामचं डोकं फिरलं, म्हणे, "मेरी चेष्टा मत कीजिए." झालं! सारा वर्ग खो खो. त्यायच्या हिंदीत चेष्टा म्हणजे मेहनत का कोशिश, असंच काहीतरी. मले काय ठाऊक? तेजरामलेही त्या वेळी सुचलं नाही. घनश्याम म्हणे, "अरे भाई, तुम्हारी चेष्टा हम क्यों करें, तुम खुद करो." अन् वरून म्हणे, "इतनी भी हिंदी नहीं आती तो नागपुर चले जाओ." तेजरामनं डस्टर आपटलं टेबलावर. खडूची धूळ उडाली, ती घनश्यामच्या काळ्या कोटावर. मे महिन्यात कोट! घालू नये ना मंग. एवढंच झालं. हात नाही लावला, शिवी नाही दिली. घरी येऊन जेवला नाही तेजराम. म्हणे, बाबा, एका शब्दानं मारलं मले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, तेजराम आंघोळीले गेलता अन् कॉलेजाचा चपराशी आला, बाबूलाल. सायकलवरून उतरला पण नाही. एक पाय जमिनीवर टेकवून म्हणे, "बड़े साब बोले हैं, तेजराम सर राजीनामा कर लें तो बात यहीं खतम." माझ्या कानात शिसं वतल्यासारखं झालं. म्हटलं, बोल, फिरून बोल. फिरून तेच बोलला, हसूनच बोलला. धूळ उडाली कोटावर म्हणून राजीनामा! हसणाऱ्याले काही नाही, अन् ज्याले हसले त्यानं नोकरी सोडायची!

मी पोराले काहीच सांगितलं नाही. टोपी घातली अन् पायीच निघालो. सगळे बसले होते मोठ्या खोलीत, कॉलेजाचे ते बडे साहेब, घनश्याम, जिल्ह्याजिल्ह्याचे मास्तर. मी उंबरठ्यावर उभा राह्यलो अन् म्हटलं — हिंदीत म्हटलं, समजलं पाहिजे म्हणून — "तेजराम का बाप बोल रहा हूँ. राजीनामा नहीं होगा. मरते दम तक नहीं होगा. जो करना है कर लो." घनश्यामचं तोंड पाहाले पाहिजे होतं तुमी. पांढरं. बडे साहेब उठून म्हणे, "बाबा, आप बैठिए तो, इसमें इतना गुस्सा..." मी कायले बसतो. आलो तसा पलटलो. अन् खरं सांगू? येताना रस्ता हलका वाटला मले.

अन् घरी येतो तर हा तयार! सदरा घालून, सायकलले हवा भरून. हवा भराले गेला तेव्हा त्याले बाबूलाल रस्त्यात भेटला होता. म्हणे, मी जातो, करून टाकतो, कायले ताणायचं. करून टाकतो! ताठ मानेचा माणूस असं बोलते? मी म्हटलं, आतून माझी टोपी आण. तो आत गेला अन् मी कडी लावली. टोपी माझ्या डोक्यावरच होती. — हसू नका.

ओरडला ना. रात्रीपर्यंत एकच धरून होता, "बाबा, त्याचा अर्थ तसा नाही, बाबा ऐका." माझ्याच घरात मले अर्थ शिकवते. मी कानावर घेतलं नाही. झोपला नाही, पुस्तकाची पानं वाजतात.

तुमाले वाटन, म्हातारा आडमुठा आहे. आहे. पण काहून आहे ते ऐका. माझा बाप खाणीत होता, ठेकेदाराच्या हाताखाली. कोणत्या ते जाऊ द्या, आता तो ठेकेदारही नाही अन् ती खाणही बुजली. त्याचं अन् मुकादमाचं वाजलं एक दिवस, पाण्यावरून. मडक्याले हात लावला का नाही लावला, असं काही. मुनशी होता उत्तरेकडचा, पान खाणारा. त्यानं बापाले बोलावून म्हटलं, "राजीनामा कर ले." माझ्या बापानं काय केलं? घमेलं पालथं ठेवलं, पावडं त्याच्यावर आडवं ठेवलं, अन् घरी आला. मी त्याच्यासंगं होतो, मी पाह्यलं. फिरून त्या खाणीची पायरी चढला नाही. असा होता माझा बाप! मुनशीनं दोनदा माणूस पाठवला बोलवाले, दोनदा. बापानं दारातूनच हाकलला. वरून म्हणे, मजाक पाहाले येता? मंग लोकांच्या बांध्यात धानाच्या रोवण्याले गेला, लाकडं फोडली, खोकून खोकून गेला, पण परत नाही गेला. मायनं भांडे विकले. त्या दिवशी मी ठरवलं का माझ्या घरातून दुसरा राजीनामा जाणार नाही. कोणी कितीही मोठा असो. तुमीही.

घ्या, चहा आला. गूळ कमी आहे. — काय?

नाही, बाबूलाल "दे दें" नाही म्हटला, "कर लें" म्हटला. बरोबर आठवते मले. करा का द्या, फरक काय? राजीनामा राजीनामा.

...काय म्हणता? समेट? कोणाचा? दोघांचा? घनश्यामनंही करायचा? — थांबा. थांबा जरा. म्हणजे हातात हात द्यायचा अन् झालं गेलं विसरायचं, त्याले हे लोक राजीनामा म्हणतात? अन् नोकरी सोडायची त्याले? — इस्तीफा. हौ. इस्तीफा ऐकला आहे. ऐकला आहे ना. पण मले वाटलं तो मोठ्या साहेब लोकांचा असते अन् राजीनामा गरिबाचा.

तुमी मले गोड बोलून कडी काढून घ्याले आले. खोटं आहे हे. मैना! तू सांग, तू बाजारात भाजी विकते या लोकांत. राजीनामा म्हणजे काय यायच्या बोलीत?

...ऐकलं साहेब? कालपासून पहिल्यांदा बोलली. म्हणते, बाजारात सगळ्यायले माहीत आहे. दोन बाया तराजूवरून भांडल्या का तिसरी म्हणते, राजीनामा करा. मंग तू कालच काहून नाही बोलली? — "तुमी कोणाले बोलू देता?" हौ. बरोबर आहे.

म्हणजे मी तिथं उंबरठ्यावर उभा राहून काय म्हटलं? मरते दम तक समेट नाही. माझ्या पोरानं हात पुढे केला असता, घनश्यामनंही केला असता — तो तयार होता? त्याचं तोंड पांढरं झालं ते म्हणून? अन् मी मनात त्याले भेकड समजत होतो. तिथं कोणाले समजलंच नाही का म्हातारा मराठीत रागावला अन् हिंदीत बोलला. तुमी असते तर तुमाले समजलं असतं. तुमी नव्हते.

आता मी तिथं येऊन काय सांगू? का मले शब्द समजला नाही? त्याच खोलीत? ज्या खोलीत माझ्या पोराले एका शब्दावरून हसले, तिथं त्याचा बाप जाऊन दुसरा शब्द देईन हसाले? नाही. ते मरण आहे, ते नाही होणार. — तो येईन म्हणता. तो एकटा आला तरी चालते? गेला म्हणजे कागद भेटन? हौ.

एक सांगा पण. तुमी शिकलेले, दोन्हीकडची बोली जाणता. तो मुनशी उत्तरेकडचा होता. पान खाये. "कर ले" म्हटला होता, "दे दे" नाही. माझ्या कानात आहे अजून.

मंग तो माणूस दोनदा काहून आलता आमच्या घरी?

...कप कायले खाली ठेवला साहेब?

चहा राहू द्या. थंडा झाला तो. दुपार होऊन राह्यली, तुमची जीप उन्हात उभी आहे. उठा. कडी तुमीच काढा, मले नाही जमणार. जरा वर उचलून मंग ओढा, अटकते ती. मी तिकडे भिंतीकडे तोंड करून बसतो. त्यानं विचारलं बाबा कुठं गेले, तर सांगा, विहिरीवर गेले. — जा ना. पाहून काय राह्यले माझ्याकडे? जा.