डक्टचं काटकोनी वळण

नंदुरबारला मिरचीच्या कारखान्यात मी मेंटेनन्स बघायचे, तेव्हाचं सांगते. धूळ ओढणारा पंखा चालू असूनही मिरची निवडणाऱ्या बायका दिवसभर खोकून बेजार व्हायच्या. मालक म्हणाले, "ताई, मोठा पंखा बसाडी टाकू."

मी म्हटलं, "पंखा चांगलाय, शेठ. त्याच्या तोंडाशीच डक्टच्या पत्र्याच्या नळीला काटकोनी वळण आहे, तिथे हवेचा जोर मरतो. मोठं गोल वळण लावू द्या."

"आनि नही जमनं तं?"

"तर मीही त्यांच्यात बसून मिरची निवडेन."

रविवारी पत्रा कापून गोल वळण बसवून घेतलं. सोमवारी पंखा लावला. जरा वेळाने त्या बायकांमधल्या कमलबाईंनी नाकावरचा पदर सोडला, मोकळा श्वास घेतला आणि शेजारणीला म्हणाल्या, "आते सांग, तुन्ही नणंदनी काय गोट व्हती?"