मी तं हासून राह्यली

कारंज्याच्या नेत्रशिबिरात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या बायजाबाई पट्टी सुटायची वाट पाहत बाकावर बसल्या होत्या. सोबतीला शेजारीण वच्छलाबाई होती. पलीकडे आजोबांना घेऊन आलेल्या प्रेरणाला दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

“वच्छले, नाई दिसलं तं?”

“दिसन ना माय. काऊन घाबरून राह्यली?”

“दुसरा डोया तं कवाचाच गेला. हाही गेला तं चुलीपाशी कोन बसू देईन मले?”

“माह्या नातीच्या लग्नात काडीवर कणकीचे सरगुंडे तूच वळशीन. तुह्यासारखे बारीक कोनाले जमतात?”

“हात कापतात वो आता.”

“कापू दे. अजून बारीक होतीन.”

“तुले भेव नाई वाटत?”

“मले कायचं भेव? मी तं हासून राह्यली.”

प्रेरणानं गुपचूप आपला रुमाल पुढे केला. वच्छलाबाईनं हातानंच नको म्हटलं आणि पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात नर्सबाई आली. तिनं बाकावरच पट्टी सोडली, डोळा पुसून दिला. बायजाबाईंनी पापणी मिटली, उघडली, पुन्हा मिटली.

“बायजे, दिसते का काई?”

“दिसते.”

“काय दिसते, सांग ना!”

“तू रडून राह्यली.”

“मी? छ्या! सांगतलं ना तुले, मी हासून राह्यली.”

“आता नको सांगू वो. आता मले दिसते.”