गरमीवर सब्जा

माझं गाव घोटीच्या वर, डोंगराला टेकलेलं, पाच-सहा घरं आन् भाताची खाचरं, बस. जर्मनच्या लढाईत मी झाले असं आई म्हणायची, भातरोपांची आवणी चालली व्हती, चिखलातून उठून बांधावर आली, मला जलम दिला, आन् चौथ्या दिवशी परत चिखलात. आईला सात लेकरं झाली, सातीच्या साती जगली. म्हणून मला वाटायचं लेकरू व्हणं म्हंजे काय, रोप लावलं की वर येतं. काय सांगू तुम्हाला बाई, एवढीच अक्कल घेऊन मी सासरी आले.

चौदाव्या वर्षी नाशकात दिली. नवरा टांगेवाला, टेसनावरून जत्रेकरूंना पंचवटीत आणायचा. माणूस वाईट नव्हता, तुमच्या वहीत हे आधी लिवा. घोड्याला वैरण घातल्याशिवाय सोता जेवायचा नाय, माझ्यावर कधी हात उचलला नाय. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान मला संशय तरी आला असता.

पहिलं पोटातच गेलं, आठव्या महिन्यात. दुसरी पोरगी जिती झाली. पण नाक सारखं चोंदलेलं, अंगावर घेतली की श्वास घेऊ का दूध पिऊ असं व्हायचं तिला, आन् तळहाताला, तळपायाला फोड, उकडलेल्या बटाट्यावानी कातडं निघायचं. सासू म्हणली बाहेरचं हाय, लिंबू उतरवलं, अंगारा लावला. बाराव्या दिवशी पाळणा बांधला आन् त्याच दिवशी गेली. नाव ठेवायचं राहिलं. मी मनात ठेवलं व्हतं एक, ते तुम्हालाबी सांगायची नाय.

तिसऱ्या खेपेला शेजारणीनं दवाखान्यात नेलं. तिथं एक डागदर पोटुशा बायांचं रक्त काढून घ्यायचा, काचेच्या नळीत भरून मुंबईला धाडायचा. कुणाची लेकरं का मरतात ते हुडकून काढतोय म्हणं. पंधरा दिवसांनी माझं आलं. डागदर म्हणला, बाई, तुझ्या रक्तात गरमी आहे, दर आठवड्याला सुई घ्यायला ये, चुकवू नको.

गरमी. आमच्या डोंगरात गरमी म्हंजे गरमी, ऊन लागलं, तोंड आलं, लघवीला जळजळ. मला वाटलं, एवढंच व्हय, ह्याच्यासाठी माझी दोन गेली? मी वांगं सोडलं, लसूण सोडला, ठेचा सोडला. भिजवलेला सब्जा प्यायची, वाळ्याचं पाणी, ताक, चुलीपुढं बसणं नको म्हणून भाकरीसुदिक सासू थापायची. पहिली सुई घेतली तर दंड सुजला, सांजच्याला अंग फणफणलं. सासू म्हणली, सुई उष्ण असती, आधीच तुझ्यात गरमी, वर ही कशाला. पटलं मला. लेकराला चटका बसू नये म्हणून मी गेलेच नाय परत. आन् सब्जा कोण भिजवून द्यायचं? सासूच. रोज सकाळी, पितळेच्या फुलपात्रात.

पोरगा झाला. रडला चांगला, मोठ्यानं. मग मी पाय बघितले. नवव्या दिवशी गेला.

दवाखान्यात गेले तर डागदर वही घेऊन आला, म्हणला सुया का घेतल्या नाहीस? मी म्हणलं, सायेब, गरमी वाढू नये म्हणून. त्यानं टाक खाली ठेवला. मग नर्सबाईनं मला बाजूला नेलं आन् उघड सांगितलं, अगं ही ती गरमी नव्हं, पुरुष बाहेरच्या बाईकडं जातो आन् घरी घेऊन येतो तो रोग हा, सुई हेच त्याचं औषध.

मी तशीच घरी गेले. सासू लसूण सोलीत व्हती. म्हणलं, आत्याबाई, तुम्हाला ठाव व्हतं? मान वर केली नाय तिनं. म्हणली, लग्नाआधी वैदूकडून पाऱ्याची धुरी दिली व्हती त्याला, मला वाटलं धुरीनं गेली. आन् दोन लेकरं मेल्यावर काय वाटलं तुम्हाला, मी इचारलं. तर म्हणली, कुठल्या तोंडानं सांगणार व्हते, माझा पोरगा हाय तो. लसूण सोलीत राहिली. बाई, माझ्या अंगाची लाही झाली तव्हा, ती मातर खरी गरमी.

पण जायचं कुठं? माहेरी भावजया. राहिले तिथंच आन् परत दिवस गेले. ह्या खेपेला कळलं तशी धावत दवाखान्यात आले. सुया चालू हायती, दंड बघा माझे, काळेनिळे. डागदर म्हणला नवऱ्यालाबी आण, नायतर तो परत तुला देईल. नवऱ्याच्या पाया पडले. तो म्हणला, टांग्याच्या अड्ड्यावर सारे मला वळखतात, त्या रांगेत उभा राहण्यापरीस गंगेत उडी घेईन. मी म्हणलं घे. त्या दिवसापासून हितंच हाय, आयाबाईच्या खोलीत राहते, रक्ताच्या नळ्या धुते.

रांगेत बाया बसत्यात ना, डागदर म्हणतो तुला गरमी आहे, आन् बाई मुंडी हलवती. मी नळ्या ठिवून जाते, म्हणते ताक पिऊ नको गं, ही नवऱ्याकडून आलेली हाय. एकदा डागदर चिडला, असं उघड बोलू नको म्हणला. मी म्हणलं, सायेब, शब्द तुम्ही झाकला, लेकरं माझी गेली. तव्हापासून काही म्हणत नाय.

आता सातवा चालू हाय. हलतं लय. डागदराला रोज इचारते, जगंल का, तो म्हणतो सुया उशिरा नाही झाल्या, पण वचन देत नाय. मला झोप नाय, जेवण जात नाय, देवाला काय बोलायचं तेबी सरलं. तुमच्या लेकराबाळांना सुखात ठेवो तो, एवढं मातर म्हणते, तुम्ही माझं ऐकून घेतलं. आन् एक लिवा. बाया लेकरू झालं की तोंड बघत्यात, मुलगा का मुलगी बघत्यात. मी नर्सबाईला सांगून ठिवलंय, मला काही सांगू नका. आधी त्याचे तळपाय माझ्या हातात द्या.